मामलेदारांचं पहिलं अक्षर

आमचे आबा कर्जतच्या मामलेदार कचेरीत टायपिस्ट होते. पेन्शनीत निघाल्यावर कचेरीने मोडीत काढलेलं मशीन त्यांनी लिलावात घेतलं आणि समोरच्या लिंबाखाली बसून लोकांचे इंग्रजी अर्ज टाइप करून देऊ लागले. इंग्रजी त्यांना बोलता येत नसे. अर्ज मात्र असा करत, की वाचणाऱ्या साहेबाला आपण खुद्द लाटसाहेब आहोत असं वाटावं.

मी गावातल्याच शाळेत मास्तर होतो आणि एम.ए.साठी घोडेगावच्या जनावरांच्या बाजारावर प्रबंध लिहीत होतो. स्वराज्य नुकतंच आलं होतं. नगरला नवं कॉलेज निघालं होतं, आणि तिथल्या प्राचार्यांनी मला शब्द दिला होता, की मार्चअखेर प्रबंध दाखल होऊन मान्य झाला, तर अर्थशास्त्राची जागा माझी. त्या जागेसाठी माझा जीव टांगणीला लागला होता.

घरात मशीन असताना प्रबंध दुसऱ्याकडे टाइप करायला देणं म्हणजे आबांच्या तोंडात मारण्यासारखं झालं असतं. पहिलं प्रकरण त्यांनी करून दिलं. स्पेलिंग एकही चुकलं नव्हतं. मी मोठ्या ऐटीत ते पुण्याला मार्गदर्शकांकडे पाठवलं. ते परत आलं तेव्हा पानापानावर तांबडी वर्तुळं होती आणि वर एकच ओळ होती, ‘हा प्रबंध आहे की अर्ज?’

सोबत विद्यापीठाच्या नियमांचं छापील पत्रक होतं. माणसाच्या नावाला जोडून हुद्दा आला तर त्याचं पहिलं अक्षर मोठं, म्हणजे कॅपिटल; नुसता हुद्दा आला तर लहान. एवढी साधी गोष्ट. आबांनी कलेक्टर, मामलेदार, फौजदार, सर्कल अशा झाडून साऱ्या अंमलदारांना मोठं अक्षर बहाल केलं होतं. सरकार हा शब्द तर अख्खाच्या अख्खा मोठ्या अक्षरांत. शेतकरी, दलाल आणि खाटीक तेवढे लहान होते, म्हणून नियमात बसले. त्यातही कहर ‘मी’चा. इंग्रजीत हा शब्द नेहमी मोठ्या अक्षरात लिहितात. ‘मी बाजार पाहिला’ असं मी जिथे जिथे लिहिलं होतं, तिथे तिथे आबांनी ‘खाली सही करणाऱ्या इसमाने बाजार पाहिला’ असं करून टाकलं होतं.

“आबा, हे का बदललं?”

“मग? सायबाम्होरं मी म्हनायचं, आन् त्ये बी मोठ्या अक्षरात? आपली पायरी हाय का ती?”

“हे साहेबाकडं न्हाई, विद्यापीठात जायचंय.”

“तितं काय गडीमानसं बसत्यात व्हय? तितं बी सायबच की.”

“इंग्रज गेले आता, आबा.”

“गोरा गेला. खुर्ची हाय न्हवं तितंच?”

मी विद्यापीठाचं पत्रक त्यांच्यापुढे धरलं आणि तो नियम पुन्हा वाचून दाखवला.

तरी आबांनी ऐकलं. मुलाच्या नोकरीचा प्रश्न आहे एवढं त्यांना कळत होतं. पण हात ऐकेना. मोठ्या अक्षराची कळ डाव्या करंगळीखाली असते. ‘कलेक्टर’ आला की ती करंगळी आपोआप दाबली जायची. कार्बन घालून तीन प्रती निघत होत्या, खाडाखोड विद्यापीठाला चालत नव्हती, म्हणजे एक अक्षर चुकलं की तिन्ही पानं वाया. कागद कंट्रोलचा. हेडमास्तरांच्या हातापाया पडून जेवढा मिळाला तेवढाच. शेवटी मी त्यांच्या डाव्या बाजूला बसू लागलो आणि तसला शब्द आला की त्यांचं मनगट धरून ठेवू लागलो. येणारेजाणारे बघत. लिंबाच्या गार सावलीत आबांना घाम फुटायचा. म्हाताऱ्या बापाचा हात भर रस्त्यावर दाबून धरताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

असे आम्ही बाजारावरच्या करांच्या प्रकरणापर्यंत आलो. ते शेवटचं प्रकरण होतं, आणि त्यात ओळीआड मामलेदार होता. ते पुरं होत आलं होतं. त्या दिवशी मामलेदारसाहेब कचेरीतून उतरले आणि कुतूहलाने आमच्यामागे येऊन उभे राहिले. तरुण होते, आपल्यातलेच, हसरे. मशीनवरचं पान वाचून म्हणाले, “काय आबा, आम्हाला अगदी लहान करून टाकलंत!” आणि हसत निघून गेले.

ती थट्टा होती. मी आबांना दहादा सांगितलं, की ती थट्टा होती. साहेबांना पाहून उठलेले आबा उभेच होते. साहेब दिसेनासे झाले तरी खाली बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला शाळा होती. संध्याकाळी पुण्याला निघायचं होतं. घरी आलो तर ते प्रकरण नव्याने टाइप होऊन बांधून तयार. कागदाचं पुडकं रिकामं. पहिल्याच पानावर मामलेदार मोठ्या अक्षरात उभा, दुसऱ्यावर उभा, शेवटपर्यंत उभा. जुनी पानं चुलीत गेली होती. आबांचा चेहरा कितीतरी दिवसांनी शांत दिसत होता. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मी गठ्ठा पिशवीत घातला आणि मोटार पकडली.

महिन्याभराने प्रबंध परत आला. नियमांप्रमाणे टाइप करून पुढच्या सत्रात सादर करावा, असा शेरा होता. पुढच्या सत्रापर्यंत कॉलेज थांबणार नव्हतं. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

आबांनी शेरा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पुन्हा वाचला. त्यांचे ओठ हलत होते.

“चुका निगाल्या म्हन की.”

“व्हय.”

“कुनाचा मान द्यायचा ऱ्हायला का रं माज्याकडनं?”

ते माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “न्हाई आबा. कुनाचाच ऱ्हायला न्हाई.”