कंपायलरच्या आधीचं शुद्धीकरण

नोएडातल्या आमच्या ऑफिसात एक कंपायलर आहे. आम्ही लिहिलेल्या एक्सएमएल फायलींचं तो मानेसरच्या कारखान्यांतल्या यंत्रांना कळेल अशा भाषेत रूपांतर करतो. पण थेट त्याच्यापुढे उभं राहण्याइतकी या फायलींची पत नव्हती. आधी शुद्धीकरण. पहिल्या टप्प्यात फाइल नव्या मांडणीतून जुन्या मांडणीत जाई, दुसऱ्यात जुनीतून पुन्हा नवीत. तासाभराने निघाली तिथेच ती परत येई आणि तोवर आम्ही चहा पिऊन घेत असू.

शेजारच्या टेबलावरची माझी नागपूरकर सहकारी चहा घेत नसे. ती घड्याळ बघे. दिवसाचं शेवटचं कंपाइल झाल्याशिवाय उठायचं नाही, हा नियम. आणि तिची मुलगी मयूर विहारच्या पाळणाघरात, पाठीला दप्तर लावून पायरीवर बसलेली. तिथल्या बाईंनी शेवटी सांगून टाकलं, "असाच उशीर होणार असेल तर दुसरी सोय बघा."

मीटिंगमध्ये मी विचारलं, "सर, ये दो स्टेप किसलिए हैं?"

आमचे सॉफ्टवेअर आर्किटेक्ट खुर्चीत रेलले. "हिस्टॉरिकल रीझन. पुराना रीडर प्रोग्राम नया फॉरमॅट नहीं पढ़ पाता था."

"वो रीडर कहाँ है?"

"कब का निकाल दिया."

"तो फिर?"

"चल रहा है ना? छेड़ो मत, यार."

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही टप्पे बंद करून कंपाइल केलं. निकाल अक्षर न् अक्षर तोच, आणि चहा गाळून व्हायच्या आत. सरांना दाखवला, तर ते दचकलेच. "इतनी जल्दी? कुछ तो छूटा होगा." ज्या कामाला वेळ लागत नाही त्याला आमच्याकडे काम म्हणत नाहीत.

तेवढ्यात सहकारी अतिशय नम्रपणे म्हणाली, "सर, स्टेप रखते हैं ना. बस कंपाइल के बाद चलाएँगे. ऑडिट के लिए."

"बिल्कुल!" सरांच्या चेहऱ्यावर तेज परतलं. "इसको कहते हैं आर्किटेक्चर."

त्यांनी त्यावर प्रेझेंटेशन केलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. आता माल आधी कारखान्यात जातो आणि मागाहून रिकाम्या ऑफिसात त्याचं यथासांग शुद्धीकरण होतं. त्याचा निकाल कुणी उघडत नाही.

"आता तरी बाई खूश आहेत ना?" परवा मी विचारलं.

"बाई खूश आहेत," सहकारी म्हणाली. "मुलगी चिडलीये. म्हणते, खेळ अर्धा असताना कशाला येतेस?"