लायब्ररीत मी वाचलेली गोष्ट

हसू नका, पण मी हे लिहितेय याचीच मला लाज वाटतेय. आमचं नागपूरचं बौद्ध घर. भूतबित, अंगात येणं असलं कुणी बोललं की बाबा त्याला सरळ उडवून लावायचे. मीही त्यांचीच मुलगी, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. अजूनही नाही... असं मी म्हणते तरी.

नव्वदच्या दशकात मी जॉर्जियातल्या एका छोट्या गावात एम.ए. करत होते. विषय — अमेरिकेच्या दक्षिणेतलं साहित्य. त्यात जुनी पापं, न पुरलेली मढी आणि पोर्चवर बसून ते सगळं सांगणाऱ्या म्हाताऱ्या. राहायला पुण्याच्या एका काकूंकडे वरची खोली. काकू प्रेमळ हो, मला ताप आला तर मऊभात वर आणून द्यायच्या. पण कुणी मराठी भेटलं की आधी आडनाव, मग गाव, मग "म्हणजे तुम्ही कोण?" मी आडनाव खोटंच सांगितलं होतं. ती खोली जाईल अशी भीती होती, दुसरं काय!

कोर्सच्या शेवटी, एका शनिवारी दुपारी पब्लिक लायब्ररीत वाचन ठेवलं होतं. प्रत्येकानं आपल्या घरातली भयाण गोष्ट लिहून आणायची. मी एक रचून टाकली — महाबळेश्वरचा बंगला, गोरी मडम, आपोआप वाजणारा पियानो. अगदी बिनधोक. काकू हौसेनं पहिल्या रांगेत बसल्या, मांडीवर चिवड्याचा डबा.

मी वाचलं. शब्दन् शब्द कागदावरचा. संपल्यावर एकही टाळी नाही.

तिथे काम करणाऱ्या मिस रूबी नावाच्या काळ्या आजी उठून आल्या. माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "हनी, पाणीच काढत होती ना सोना? तेवढ्यासाठी दगड मारले तिला?"

मी हात सोडवून घेतले. सोनाआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. गावच्या विहिरीवर पाण्याला गेली, लोकांनी दगड मारले आणि दुसऱ्या दिवशी ती त्याच विहिरीत सापडली. बाबांनी हे मला एकदाच सांगितलं होतं. अमेरिकेत मी कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता. शेजारच्या वर्गमित्राला विचारलं, "मी पियानोचंच वाचलं ना?" तो म्हणाला, "व्हॉट पियानो?" कागद माझ्या हातातच होते — त्यांवर पियानोच होता!

गाडीत काकू कितीतरी वेळ डोळे पुसत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "ती सोना... तुझी कोण गं?"

"कुणी नाही, काकू. बनवलेली गोष्ट आहे."

"बरं बाई," म्हणाल्या आणि डबा माझ्यापुढे केला. मी चिवडा खाल्लाही.

सगळ्यांनी तेच कसं ऐकलं, याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही. पुढच्या आठवड्यात बाबांना फोनवर सगळं सांगितलं, फक्त काकूंचा प्रश्न आणि माझं उत्तर गाळून. ते म्हणाले, "चारचौघांत तिचं नाव घेतलंस बेटा. माझी कधी हिंमत झाली नाही."

मी "हो बाबा" म्हटलं.