बाराव्या हिरवळीचा उतार

ऑफिसात तिला सगळे मिलीमीटर म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. खरं सांगायचं तर आतून बरंच वाटे. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं की हातातला डबा खाली ठेवून ती आधी ते सरळ करी. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. तो म्हणे, पहिल्या भेटीत हिनं माझा चेहरा पाहिलाच नाही, खांद्यांची पातळी पाहिली; डावा खांदा जरा खाली आहे हे माझ्या आईलासुद्धा ठाऊक नव्हतं.

तिची कंपनी गोल्फचे सिम्युलेटर बनवायची. बंद हॉलमध्ये मोठा पडदा, पायाखाली हिरवा गालिचा. खेळाडूनं पडद्यावर चेंडू मारायचा, की पुढं तोच चेंडू पडद्यातल्या मैदानावर उडत जातो, पडतो, घरंगळतो. कुठं घरंगळायचं ते सॉफ्टवेअर ठरवतं, आणि सॉफ्टवेअरला ते कळतं मोजणीवरून. मोजणी तिची. सहा वर्षांपूर्वी एका फार नावाजलेल्या मैदानाच्या अठराही हिरवळी, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या जागा, लेझरच्या यंत्रानं तिनं एकटीनं मोजल्या होत्या. त्या मोजणीवर कंपनीचं नाव झालं होतं आणि तिचंही.

आता नवीन आवृत्ती बाजारात यायची होती. त्याआधी साहेबांनी ठरवलं, की त्या मैदानाच्या जेवढ्या आवृत्त्या आहेत त्या सगळ्यांची तुलना करायची आणि अहवाल कंपनीच्या वेबसाइटवर टाकायचा. आवृत्त्या चार होत्या. कंपनीची जुनी, कंपनीची नवीन, तिसरी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीची. चौथी फुकटातली, एका निवृत्त गवंड्यानं बनवलेली. हा गवंडी त्या मैदानावर बावीस वर्षं कामाला होता. पाण्याचे चर, बांध, पायऱ्या, सगळं त्याच्या हातचं. निवृत्तीनंतर दर सोमवारी, मैदान बंद असताना, हेडमाळ्याच्या ओळखीवर तो आत जायचा आणि पाण्याच्या पारदर्शक नळीनं, गवंडी भिंतीची पातळी बघतात तशी, हिरवळींची पातळी घ्यायचा. तीन वर्षं हे चाललं. त्याची मुलगी कॉम्प्युटरवर काम करायची. तिनं बापाच्या वहीतल्या आकड्यांवरून मैदान उभं केलं आणि कुणीही घ्यावं म्हणून ठेवून दिलं. चित्रं ओबडधोबड, झाडं बालवाडीतली. पण हौशी लोकांत त्या आवृत्तीचा बोलबाला होता. म्हणायचे, दिसायला कशीही असो, गवंड्याच्या मैदानावर चेंडू खरा पळतो.

हे साहेबांना खुपत होतं. मिलीमीटरलाही खुपत होतं, फक्त ती बोलून दाखवत नव्हती.

एका अनुभवी कोचला बोलावलं. त्यानं चार दिवस प्रत्येक हिरवळीवर, प्रत्येक आवृत्तीत, त्याच जागेवरून चेंडू ढकलले आणि ती आकडे टिपत बसली. सतरा हिरवळींवर चारही आवृत्त्यांत उन्नीस-बीसचाच फरक निघाला. बाराव्या हिरवळीवर मात्र तीन आवृत्त्यांत चेंडू डावीकडे वळला आणि गवंड्याच्या आवृत्तीत उजवीकडे.

"तीन साक्षीदार एका बाजूला आणि गवंडी एकटा," साहेब खुर्चीत मागं रेलून म्हणाले. "लागला की निकाल."

अहवाल तिनंच लिहिला. गवंड्याच्या आवृत्तीपुढं तिनं लिहिलं, बाराव्या हिरवळीचा उतार उलटा, मोजणी सदोष. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण लिहिण्याच्या भरात तिनं खाली पदरचं एक वाक्य घातलं: हौस वेगळी आणि मोजणी वेगळी.

ते वाक्य अहवालापेक्षा जास्त फिरलं. लोकांनी त्याची थट्टेची चित्रं बनवली, नळी धरलेला माणूस आणि उलटा वाहणारा ओढा. जे काल गवंड्याचं कौतुक करत होते त्यांनीच आज त्याला झाडावर चढवून खालची शिडी काढून घेतली. पंधरा दिवसांत त्याच्या मुलीनं आवृत्ती इंटरनेटवरून काढून टाकली. साहेबांनी ऑफिसात सगळ्यांना केक दिला.

त्याच आठवड्यात कोच हॉलमध्ये राहिलेले बूट न्यायला आला. बुटाच्या नाड्या एकमेकींत बांधता बांधता तो सहज बोलून गेला, की त्या खऱ्या मैदानावर तो आजवर दोनदा खेळला आहे, आणि गंमत म्हणजे दोन्ही वेळा बाराव्या हिरवळीवर त्याचा चेंडू उजवीकडे गेला होता. इथं सिम्युलेटरवर डावीकडे जाताना बघून त्याला वाटलं, आपलंच मनगट चुकत असणार.

तो हसून गेला. ती तिथंच उभी राहिली.

पाणी कुठं मुरतंय हे तिला त्याच क्षणी कळलं होतं असं म्हणायला हरकत नाही. फक्त कबूल करायला आणखी दोन दिवस लागले. तिनं सहा वर्षांपूर्वीच्या मूळ फाइली उघडल्या. नववा दिवस. बारावी हिरवळ. यंत्र तिपाईवर लावलेलं होतं, गवत कापायच्या गाडीचा धक्का लागला आणि तिपाईचा एक पाय ओल्या मातीत बोटभर रुतला. अशा वेळी नियम सरळ आहे, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ती तेच करणार होती. तेवढ्यात भावाचा फोन आला. आई जिन्यावरून पडली होती, शुद्धीवर नव्हती. तिनं यंत्र गुंडाळलं आणि निघाली. परत आली तेव्हा मैदानाची परवानगी संपली होती. मग ऑफिसात बसून तिनं तो तिरकेपणा अंदाजानं सरळ केला. अंदाजानं! ती, जिला मिलीमीटर म्हणत. हिरवळ जवळजवळ सपाटच होती, वीस पावलांत दोन बोटांचा उतार. अंदाज थोडा जास्त झाला आणि उतार या अंगाचा त्या अंगाला गेला.

आणि तीन साक्षीदार? कंपनीची नवीन आवृत्ती त्याच मोजणीवर उभी होती. मोजणीची एक प्रत करारानुसार मैदानाच्या क्लबला दिलेली होती, आणि क्लबनं तीच दुसऱ्या कंपनीला दिली होती. साक्षीदार तीन, पण तोंड एकच, आणि तेही तिचं.

नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं. तो मुलांच्या चित्रांना गुण देत होता. त्यानं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, आधी खात्री करून घे. कागदावरून एकदा चुकलीस, आता कागदावरूनच चूक धरू नकोस.

म्हणून पुढच्या सोमवारी रजा टाकून ती मैदानावर गेली. हेडमाळ्यानं तिला ओळखलं. बाराव्या हिरवळीपाशी आल्यावर तिनं विचारलं, इथलं पाणी कुठं जातं. त्यानं मान वर न करता हात केला: उजवीकडे, चर तिकडंच आहे, गवंड्यानंच खणला होता. तिनं पिशवीतून सोंगटीएवढी लहान, आत बुडबुडा असलेली पातळी काढली, हिरवळीवर दहा ठिकाणी ठेवली. बुडबुडा दहाही वेळा एकच सांगत होता, उतार उजवीकडे. अकराव्यांदा तिनं ती ठेवली नाही. बुटांवर गवताचे बारीक तुकडे चिकटले होते, ते झाडत ती तिथं खालीच बसली.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. नवीन आवृत्ती आठ दिवसांवर आली होती. त्यांनी समजावून सांगितलं, की दोन बोटांच्या उतारानं कुणाचा जीव जात नाही, पुढं कधीतरी गुपचूप दुरुस्त करून टाकू. "हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता?" ते म्हणाले. ती म्हणाली, गवंड्याचं काय? साहेब म्हणाले, गवंडी कोण आपला?

तिला गवंड्याचा पत्ता हेडमाळ्यानं दिला होता. गावाच्या कडेला दोन खोल्यांचं घर, पुढं सिमेंटचा ओटा. दार मुलीनं उघडलं. नाव ऐकल्यावर ती दारातून बाजूला झाली नाही.

"अहवाल तुमचाच ना?" तिनं विचारलं. "मग आता काय राहिलंय मोजायचं?"

आतून आवाज आला, येऊ दे गं.

गवंडी खाटेवर बसला होता. हाताची बोटं जाड, नखांत वर्षानुवर्षांचं सिमेंट. खोलीच्या चारही भिंतींवर पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या, कमरेच्या उंचीवर, हातभर अंतरानं. तिला त्या लगेच ओळखू आल्या. पातळीच्या खुणा. मुलीनं, न विचारताच, तुटक शब्दांत सांगितलं: अहवाल वाचल्यापासून बाबा हेच करतात. आधी म्हणाले नळीत हवा गेली असेल, नवीन नळी आणली. मग म्हणाले डोळे गेले असतील. आता गावभर फिरतात. चाळीस वर्षांत जी घरं बांधली त्या घरांत जातात आणि म्हणतात, जरा भिंत बघू द्या. लोक आधी बघू देत होते. आता दार लावून घेतात.

मिलीमीटरनं वाटेत भाषण जुळवलं होतं. त्यातलं काहीच आठवलं नाही.

"काका, तुमची नळी बरोबर होती," ती म्हणाली. "चूक माझी होती. बारावी हिरवळ उजवीकडेच उतरते. मी काल जाऊन बघून आले."

 गवंड्यानं विचारलं, कशी चुकली? तिनं तिपाईचं सांगितलं, धक्क्याचं सांगितलं, अंदाजाचं सांगितलं. फोनचं सांगायचं नाही असं ठरवलं होतं, कारण ते निमित्त वाटलं असतं. पण त्यानं खोदून विचारलं: पाय रुतलेला दिसला तर परत का नाही लावलं? शेवटी तेही सांगावं लागलं.

"आई वाचली?"

"वाचली. चार वर्षं होती नंतर."

त्यानं मान हलवली. "मग जाऊ दे," तो म्हणाला.

"जाऊ दे कसं?" मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "यांनी सगळ्या जगासमोर लिहिलं. आता इथं दोन खोल्यांत येऊन कानात सांगतायत. तेही लिहून द्या."

ते खरंच होतं. तिनं वहीचं पान मागितलं आणि तिथंच, खाटेच्या कडेला बसून, सगळं लिहिलं. तीनही आवृत्त्या एकाच मोजणीच्या, ती मोजणी चुकीची, गवंड्याची बरोबर, आणि हौस-मोजणीचं ते वाक्य मी लिहायला नको होतं. खाली सही केली. मुलीनं दुसऱ्या दिवशी ते पान जसंच्या तसं, फोटो काढून, सगळीकडं टाकलं.

साहेबांनी तिला काढलं नाही. मोजणीवरून उठवून तक्रारींच्या टेबलावर बसवलं. दोन महिन्यांनी ती स्वतःच सोडून गेली. निरोपाला चार माणसं होती. नवीन आवृत्ती ठरल्या दिवशीच आली होती, बाराव्या हिरवळीसकट. पुढं कधीतरी ती हिरवळ दुरुस्त झाली, आणि बदलांच्या यादीत तिच्या वाट्याला दोन शब्द आले, किरकोळ सुधारणा. गवंड्याची आवृत्ती मुलीनं परत ठेवली. काही लोकांनी माफी मागितली, बरेचसे तोवर दुसऱ्या कुणाची तरी थट्टा करण्यात गुंतले होते.

आता ती एका छोट्या फर्ममध्ये गटारांच्या आणि रस्त्यांच्या मोजण्या करते. प्रत्येक जागा दोनदा मोजते, कधी तीनदा. बरोबरची माणसं कंटाळतात, कुरकुरतात. महिन्यातून एकदा ती गवंड्याकडं जाते. मैदानाचं कुणी काढत नाही. तो तिला चरांविषयी, मातीविषयी सांगतो, ती ऐकते. तिचं ते पान त्यानं वाचलं आहे, घडी करून उशाखाली ठेवलं आहे. तरी बोलता बोलता मध्येच तो उठतो, भिंतीपाशी जातो, तळहात टेकवून थोडा वेळ उभा राहतो आणि परत येऊन बसतो.

मुलगी चहा आणून ठेवते आणि आत जाते. अजून ती समोर बसलेली नाही.