रोह्यात ताईकडे जेवायला येणारी माणसं

ताईला पेणला घेऊन यायचं, हे मी फोन खाली ठेवतानाच ठरवलं. फोन तिच्या रोह्यातल्या शेजाऱ्यांचा. "अशोकराव, चर्चची माणसं तुमच्या बहिणीकडे पाळीपाळीनं जेवायला येतात. जवळजवळ रोज!" भावोजींना जाऊन वर्ष होत आलं, मूलबाळ नाही, घर ताईच्या नावावर. आम्हीही ख्रिस्तीच, पण फुकटच्या आपुलकीचा मला संशय येतो.

मोटारसायकलनं जाणाऱ्यांसाठी: टाकी पेणलाच भरा. वाटेत गडब गावात चहा-मिसळ शंभराच्या आत होते. नागोठण्याहून लोक तुम्हाला कोलाडवरून जायला सांगतील. मी भिसे खिंडीतून जातो. अंतर कमी, पण वळणांवर खडी असते, आणि ती नकाशात दिसत नाही. वायरिंग मी पुस्तकं उघडून शिकलो आणि रस्ते चुकून, त्यामुळे माझ्या माहितीवर विसंबायला हरकत नाही.

ताईनं वालाचं बिरडं केलं होतं. टोपलीत भाकऱ्यांची चळत. एकट्या बाईला एवढं?

एकच्या सुमारास विलास आला. धाटावच्या कंपनीत दुसऱ्या शिफ्टला जाणारा, ताईच्या चर्चच्या मंडळीतला.

"सलाम मावशी! वास पार नाक्यापर्यंत आला." बसता बसता त्यानं वर बघितलं. "पत्रा अजून गळतो काय?"

घराची चौकशी! मी मनात नोंद केली. पुढं त्यानं तीन भाकऱ्या खाल्ल्या.

"अजून एक घे."

"नको मावशी, मशीनवर झोप येल."

"एवढा दांडगा गडी, नि म्हणे झोप!" ताईनं चौथी वाढलीच.

निघताना कळलं, त्याचा कंपनीचा पास घरी राहिलाय. मी म्हटलं, सोडतो. माणूस राहतो कसा, ते बघायचं होतं. दारात त्याची बायको रूथ उभी होती. मी मागं गाडी लावत होतो, तिला दिसलो नाही.

"काय ओ, खरंच परत जेवलात? आता तर जवळा-भाकरी हाणलीत!"

त्यानं डोळे मोठे केले, पण मी ऐकलं होतं. "परत म्हणजे?" मी विचारलं.

विलास उंबऱ्यावरच टेकला. "आज पाळी दुसऱ्याची व्हती. त्याची शिफ्ट बदलली. मावशी वाट बघत बसणार, म्हणून जेवलेला असून गेलो."

"पण पाळी कसली?"

उत्तर रूथनं दिलं. "काका गेल्यावर मावशी एकटीसाठी चूल पेटवत नव्हत्या. चहा-पाव, बस. आम्ही डबे नेले, तर ‘मी काय भिकारीण हाय?’ म्हणून परत धाडले. मग चर्चच्या पाळकबाई बोलल्या, डबा नेऊ नका, जेवायला जा. पाहुणा दारात आला की त्या रांधतात, नि त्याच्यासंगती जेवतात. त्यांना सांगू नका हां."

ऐकायला छान. छान गोष्टीच मी दोनदा तपासतो. परत आलो, ताईला काही बोललो नाही. फक्त म्हटलं, "बॅग भर. पेणला चल."

ती भांडी घासत होती. "विलासच्या तोंडाला जवळ्याचा वास येत होता," ती म्हणाली. "जेवून आला होता, बिचारा."

"तुला कळलं?"

"सगळंच कळलंय. पहिल्याच आठवड्यात. बोलू नकोस त्यांना, ओशाळतील."

"आणि तरी रांधतेस?"

"पेणला तू मला जेवू घालशील रे. मी कोणाला घालू?"

मी फडकं घेऊन भांडी पुसायला लागलो. अशी वेळ माझ्यावर फारशी येत नाही.

मी एकटाच परतलो. दारात बायकोनं विचारलं, "ताई कुठायत?"

"रोह्यात. कामात आहे."

घराच्या कागदांच्या झेरॉक्स मी आणल्या आहेत. उद्या कोणी काही मागितलं तर पहिला मी विचारणार. तो पत्राही मीच बदलून देणार, दुसऱ्या कोणी नाही. पण गुरुवारी कोणाची पाळी नसते, हे विलासला विचारून घेतलं होतं. आता दर गुरुवारी मी रोह्याला जातो. बायको पोह्यांची बशी पुढं करते, गडबला मिसळीचा वास येतो. मी काही खात नाही. खाऊन आलेला माणूस ताई लगेच ओळखते.