कुंकवाचं बोट

सुनंदाचं कुंकवाचं बोट नव्या संगणकापाशी गेलं आणि मी ओरडलोच, “अगं थांब, डाग पडेल!”

बोट हवेतच राहिलं. दसऱ्याची सकाळ, टेबलावर झेंडूची फुलं, आणि बायको माझ्याकडे बघतेय.

इतकी वर्षं मी खोकेवाला पीसीच वापरला. अडला की झाकण काढायचं, ब्रशनं धूळ झटकायची, एक थाप द्यायची, की पुन्हा सुरू. दर दसऱ्याला सुनंदा त्याला हळदकुंकू लावायची. त्याची पुटं चढली, पण ती पुसावीशी मला कधी वाटली नाहीत. हा नवा वेगळ्याच जातीचा. याला खोका नाही, आवाज नाही, उघडायला एक स्क्रू दिसत नाही. सगळं त्या पातळ, पांढऱ्याशुभ्र पडद्यामागे बंद. आठवडाभर मी याच्यापुढे हात धुऊन बसतोय, परक्याच्या सोफ्यावर कडेला टेकावं तसा. वस्तू आपली झाली हे बहुधा असंच कळत असावं, की तिला डाग पडला तरी आपण फडकं शोधत नाही.

“मग याची पूजा करायचीच नाही का?” सुनंदाच्या आवाजाला धार होती.

मी बाहीनं पडद्याची कड पुसली.

ती वळली. भंगारात द्यायला दाराशी ठेवलेल्या जुन्या पीसीपुढे वाकली आणि ते बोट तिनं त्याला टेकवलं.

“उद्या देताना,” माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “कुंकू पुसू नका.”