शमशादचा ‘काल’

छावणीतल्या शिंप्याची शमशाद आमच्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेची गटप्रमुख झाली, तेव्हा काही पोरांनी नाकं मुरडली. उर्दू शाळेतून आलेली पोरगी गावाला मराठीत काय सांगणार? मी शिबिराचा सर. म्हणालो, "मग तुम्ही सांगा." एकही पुढं आला नाही.

बिडकीनजवळच्या एका गावात नाल्यावर बांध घालायचा होता. पहिल्याच संध्याकाळी शमशाद पारावर उभी राहिली आणि ठणकावून म्हणाली, "काल सकाळी सगळ्यांनी फावडी घेऊन या!"

घरातला ‘कल’ तिनं तसाच मराठीत आणला होता. सगळा पार खदखदून हसला. म्हाताऱ्या मनकर्णाबाई म्हणाल्या, "पोरी, काल तर गेला की!"

शमशादही हसली. "मग उद्या या. पण या नक्की."

सकाळी नाल्यावर आमच्या मुलांपेक्षा गावकरीच जास्त होते. नाकं मुरडणारी पोरं गुपचूप पाट्या उचलायला लागली. माझी छाती अशी फुगली की काय सांगू! सगळ्यांच्या पुढं मनकर्णाबाई होत्या, खांद्यावर फावडं.

"लीडरबाई," त्या शमशादला म्हणाल्या, "तुम्ही काल बोलावलं व्हतं. जरा उशीर झाला."