डॅशकॅम सारखा बंद का पडत होता

मित्रांनो, आज फार दमलोय. परवा वडील आमची गाडी घेऊन अणदूरला गेले होते, तिथं उभ्या गाडीचं दार कुणीतरी ठोकून गेलं. गाडी बंद असतानाही चालावा म्हणून डॅशकॅम थेट बॅटरीवर जोडून घेतला होता, पण त्या वेळचं रेकॉर्डिंगच नाही.

सकाळी मीटर लावून फ्यूज, वायरी, सगळं तपासलं. काहीच दोष नव्हता.

दुपारी वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, गाडी दारात लावली, बॉनेट उघडलं आणि ट्रॅक्टरच्या सवयीनं बॅटरीची वायर काढली.

"दादा, हे काय करताय?"

"तूच म्हणलास न्हवं, कॅमेरा बॅटरी खातो? मग कुठंबी गाडी लावली की काढतो."

चेपलेल्या दारावरून ते अजून हात फिरवतात. ठोकणारा कशामुळं सुटला, हे त्यांना सांगू का?